विस्तवानं शिंपलेला ऊस

मे महिन्यातली दुपार, पाहुण्यांनी भरलेलं घर आणि बाहेर पाय भाजतील असं ऊन. बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही घरात अशा वेळी मुलांच्या हाती कागद-पेन लागलं, की एक खेळ हमखास सुरू होतो. पहिल्यानं ‘कोण’ ते लिहायचं, कागदाला घडी घालायची आणि पुढं सरकवायचा. दुसऱ्यानं ‘कोणाबरोबर’, तिसऱ्यानं ‘कुठं’ आणि चौथ्यानं ‘काय करत होते’ ते लिहायचं. आधीच्यानं काय लिहिलंय ते बघायचं नाही, एवढाच नियम. शेवटी घडी उलगडून कोणीतरी मोठ्यानं वाचतं: ‘हेडमास्तर शेजारच्या म्हशीबरोबर एस.टी.च्या टपावर पापड लाटत होते.’ मुलं हसून लोळतात. झोपमोड झालेले आजोबा ओरडत उठतात आणि पाच मिनिटांनी ‘बघू रे, काय लिहिलंय’ म्हणून तोच कागद मागतात.

गंमत अशी, की चौघांपैकी एकानंही विनोद केलेला नसतो. हेडमास्तर, म्हैस, टप, पापड यांतला एकही शब्द सुटा वाचला तर हसू येत नाही. विनोद झाला तो घडीच्या आत, कोणी बघत नसताना. कॉम्प्युटरवरच्या शब्दखेळांत हीच घडी यंत्राला घालायला लावतात. ती घालताना काय साधतं, काय फसतं आणि मराठीत ते जास्त अवघड का, हे या प्रकरणात पाहू.

पडद्यावर नुसती अक्षरं

कॉम्प्युटरच्या काही जुन्या खेळांत चित्रं नसत, सगळा खेळ मजकुराचा असे. आपण कुठं उभे आहोत, समोर काय आहे ते यंत्र लिहून सांगायचं. खेळणाऱ्यानं ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ अशी दोन शब्दांची आज्ञा टंकायची आणि यंत्रानं पुढचं लिहायचं. विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरनं १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या यंत्रावर फोर्ट्रान भाषेत असा पहिला गाजलेला खेळ लिहिला. क्राउदरला गुहा धुंडाळायचा छंद होता. केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या परिसरात त्यानं जी भुयारं पायाखाली घातली होती, तीच त्यानं शब्दांत उतरवली. १९७७ मध्ये डॉन वुड्स यानं त्यात भर घातली आणि ‘कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ विद्यापीठाविद्यापीठांत पसरला. त्याच वर्षी एमआयटीतल्या चौघांनी ‘झॉर्क’ लिहायला घेतला. त्यातून १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी उभी राहिली.

झॉर्कमध्ये विनाकारण ‘उडी मार’ असं टंकलं, तर यंत्र आपल्याजवळच्या चार-दोन खोचक उत्तरांतलं एक उचलून तोंडावर मारतं. कोणतं, ते आधी सांगता येत नाही. यादृच्छिक विनोदाचं हे सगळ्यात साधं रूप: तयार वाक्यं आणि त्यांतून काढलेली एक चिठ्ठी.

पुढची पायरी म्हणजे वाक्य तसंच ठेवून त्यातला एकच शब्द बदलायचा. ही कल्पना खेळांहून जुनी आहे. १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये जोनाथन स्विफ्टनं दांडे फिरवले की शब्दांचे ठोकळे उलटेपालटे होऊन ग्रंथ तयार करणारं यंत्र दाखवलं होतं. विद्वानांची टर उडवण्यासाठी रचलेलं ते यंत्र सव्वादोनशे वर्षांनी खरोखर चाललं. १९५२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर ख्रिस्तोफर स्ट्रेची यानं प्रेमपत्रं लिहिणारा प्रोग्रॅम केला. विशेषणं, नामं, क्रियाविशेषणं आणि क्रियापदं यांच्या याद्या होत्या, वाक्यांचे साचे ठरलेले होते, आणि कोणता शब्द कुठं घालायचा ते यंत्रातली यदृच्छेची सोय ठरवायची. ही सोय यंत्रात असावी, असा आग्रह अ‍ॅलन ट्युरिंगचा होता. पत्राखाली सही विद्यापीठाच्या कॉम्प्युटरची. १९५८ मध्ये लिओनर्ड स्टर्न आणि रॉजर प्राइस यांनी ‘मॅड लिब्ज’ची पहिली वही काढली. गोष्टीत रिकाम्या जागा सोडलेल्या, आणि गोष्ट न दाखवताच समोरच्याकडून शब्द मागून घ्यायचे. इन्फोकॉमच्या १९८७ च्या ‘ब्युरॉक्रसी’ या खेळात तर सुरुवातीलाच एक अर्ज भरून घेतात आणि त्यात लिहिलेली माहिती पुढं खेळात आपल्यावरच उलटते.

आकांक्षा शाबूत, योग्यता मोडकी

कोणताही शब्द कुठंही टाकला की हसू येतं का? याचं उत्तर आपल्याकडच्या तर्कशास्त्रात फार आधीपासून आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्याला अर्थ येण्यासाठी तीन गोष्टी लागतात असं सांगितलंय: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. संनिधी म्हणजे शब्द एकापाठोपाठ यायला हवेत. सकाळी ‘पाणी’ आणि संध्याकाळी ‘आण’ असं म्हणून चालत नाही. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची ओढ असायला हवी. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द नुसते ओळीनं म्हटले तर प्रत्येक शब्द खरा असूनही वाक्य होत नाही. आणि योग्यता म्हणजे त्या शब्दांचे अर्थ एकमेकांना मानवायला हवेत. याचं शास्त्रातलं ठरलेलं प्रति-उदाहरण आहे ‘विस्तवानं शिंपणे’. विस्तवाला करणाची विभक्ती आहे, क्रियापद जागेवर आहे, व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण विस्तवानं शिंपता येत नाही.

नैयायिकांच्या, म्हणजे या तर्कशास्त्र्यांच्या, दृष्टीनं दोन्ही वाक्यं नापास. विनोद करणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाय, घोडा, माणूस, हत्ती ऐकून कोणी हसत नाही, कारण मनानं वाक्य बांधायला सुरुवातच केलेली नसते. ‘रात्रपाळीला लाइट आली म्हणून त्यानं उठून चार सऱ्या विस्तवानं भिजवल्या’ हे ऐकताना मात्र मन उसाच्या बांधावर पोचलेलं असतं, मोटरचं बटण दाबलेलं असतं, आणि ऐन वेळी पाण्याच्या जागी भलतंच येतं. चालता चालता जिना आहे असं समजून टाकलेला पाय सपाट जमिनीवर आपटावा, तसं काहीसं होतं. नाट्यशास्त्रानं हास्याच्या कारणांत ‘असत्प्रलाप’ म्हणजे असंबद्ध बडबड सांगितली आहे. तिचीही खरी परीक्षा हीच: बडबड असंबद्ध हवी, वाक्य नव्हे.

आपल्या संतांनी ही मोडकी योग्यता भरपूर वापरली. काट्याच्या टोकावर तीन गावं वसवणारं कूट असो की वारीच्या वाटेवर ऐकू येणारी एकनाथांची उलट्या खुणांची भारुडं, ऐकणारा आधी गोंधळतो, मग हसतो आणि मग विचारात पडतो. तिथं भलत्या शब्दामागं आध्यात्मिक अर्थ दडलेला असतो. खेळातल्या भलत्या शब्दामागं काही दडलेलं नसतं. त्यामुळं त्याला उभं राहायला वाक्याची चौकटच पुरी पडावी लागते.

‘राम’ न म्हणता रामायण

चौकटीचं बोलायचं तर बारामतीत त्या विषयाचे मोठे उस्ताद होऊन गेले. मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) मूळ पन्हाळ्याचे. पुढं ते बाबूजी नाइकांच्या आश्रयानं कऱ्हाकाठी बारामतीत राहिले आणि तिथंच वारले. पंतांची ‘आर्या’ घरोघर पाठ असे. ती प्रत्यक्षात बहुधा गीती वृत्तातली: १२ आणि १८ मात्रांचे चरण, म्हणजे ओळीला ३० मात्रा. एक मात्रा कमी-जास्त झाली तरी कान अडखळतो.

पंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. कथा सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं प्रत्येक वेळी नवं काय करायचं? पंत स्वतःवर नवनवे नियम घालून घ्यायचे. त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरं वापरायचीच नाहीत. प, फ, ब, भ, म सगळे बाद. आता ‘राम’ या नावात ‘म’ आहे! म्हणजे रामायण सांगायचं आणि राम म्हणायचं नाही. लक्ष्मण, भरत, हनुमान यांचीही तीच गत. ‘दाशरथी’ चालतो, ‘जानकी’ चालते, ‘लंकेश’ चालतो. प्रत्येक वाक्यात ओळखीच्या शब्दाच्या जागी दुसरा शोधायचा, आणि ३० मात्रांचा हिशेब चुकू द्यायचा नाही.

पंतांनी हे भक्तीपोटी केलं, हसवण्यासाठी नव्हे. पण चौकट घट्ट ठेवून आतला एकच धागा बदलला की भाषा नव्यानं दिसू लागते, हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणी करून पाहिलं असेल. खेळ लिहिणाऱ्यानं त्यांच्याकडून हीच शिस्त घ्यायची. एका वाक्यात एकच जागा सैल सोडायची. ‘नावाडी वल्हं बाजूला ठेवतो आणि पिशवीतून पाटा-वरवंटा काढतो’ यात फक्त काढलेली वस्तू भलती आहे, म्हणून चित्र उभं राहतं. नावाडी, वल्हं, पिशवी सगळंच यदृच्छेवर सोडलं तर ‘वरवंटा तिकिटातून चुलतसासरा वल्हवतो’ असं काहीतरी तयार होतं. ते परत गाय, घोडा, माणूस, हत्ती.

वीट आणि भिंत

इंग्रजीत हा खेळ सोपा आहे. जागा सोडा, शब्द टाका, वाक्य तयार. मराठीत शब्द एकटा येत नाही, खानदान घेऊन येतो.

‘पायरीवर एक मोडका तांब्या पडलेला दिसतो.’ आता तांब्याच्या जागी घागर टाका. ‘मोडका घागर पडलेला दिसतो’ म्हटलं तर लोक हसतील, पण यंत्राला. ‘मोडकी घागर पडलेली दिसते’ हवं, आणि मडक्यासाठी ‘मोडकं मडकं पडलेलं दिसतं’. एक नाम बदललं की विशेषण, कृदंत आणि क्रियापद या तिघांना कूस बदलावी लागते.

त्याहून मोठी डोकेदुखी सामान्यरूपाची. ‘–वर बसा’ या साच्यात शब्द घालायचा तर आंबा ‘आंब्यावर’ होतो, म्हैस ‘म्हशीवर’, देऊळ ‘देवळावर’, भाऊ ‘भावावर’. दिसण्यावरून नियम बांधावा म्हटलं तर वीट आणि भिंत समोर येऊन उभ्या राहतात. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. पण वीट ‘विटेवर’ जाते आणि भिंत ‘भिंतीवर’. जीभ ‘जिभेवर’, पाठ ‘पाठीवर’. बारामतीतलं पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक शब्द शिकवावा लागतो. म्हणून मराठी खेळाच्या शब्दयादीत प्रत्येक नामाच्या नावावर पाच रकाने हवेत: मूळ रूप, लिंग, अनेकवचन आणि दोन्ही वचनांची सामान्यरूपं. वीट, स्त्री., विटा, विटे-, विटां-. हे शंभर शब्दांसाठी भरणं म्हणजे दोन संध्याकाळचं काम, पण ते टाळता येत नाही.

खेळणाऱ्यानं टंकलेलं समजून घेतानाही हीच यादी उपयोगी पडते. तो ‘विटेवर चढ’ असं लिहिणार. यंत्रानं ‘विटे-’वरून वीट ओळखली पाहिजे आणि क्रियापद शेवटच्या शब्दात शोधलं पाहिजे, कारण आपण ‘दिवा घे’ म्हणतो, ‘घे दिवा’ क्वचित.

खेळणाऱ्याला काय म्हणून हाक मारायची, हाही प्रश्न. ‘तू’ म्हटलं की ‘चढतोस’ की ‘चढतेस’ ते ठरवावं लागतं, आणि पडद्यापुढं कोण बसलंय ते यंत्राला दिसत नाही. ‘तुम्ही’ म्हटलं की सुटका: ‘तुम्ही चढता’, ‘तुम्ही घसरलात’ हे बाई-पुरुष दोघांनाही चालतं. शिवाय भलत्या गोष्टी आदरानं सांगितल्या की जास्त मजा येते.

नात्यांत तर इंग्रजी अगदीच मोघम. डग्लस अ‍ॅडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी १९८४ मध्ये ‘हिचहायकर्स गाइड’चा मजकुरी खेळ केला. त्यात एका नातेवाईक बाईनं दिलेली, कशासाठी आहे ते न कळणारी एक वस्तू आहे. कुठंही टाकली तरी ती परत आपल्याकडं येते. मराठीत ही बाई कोण? मावशी, आत्या, काकू की मामी? मावशीनं दिलेली निरुपयोगी वस्तू माणूस प्रेमानं ठेवून घेतो. आत्यानं दिलेली ठेवावी लागते. एवढ्यानं सगळा प्रसंग बदलतो.

उखाण्याची युक्ती

विभक्तीचा हा गुंता आपल्याकडच्या बायकांनी कधीच सोडवून ठेवलाय. उखाणा म्हणजे मुळात एक जागा सोडलेला साचाच:

उजनीच्या पाण्यात अग्निपंख उभे एका पायावर,
…रावांचं नाव घेते इंदापूरच्या नाक्यावर.

नवऱ्याचं नाव काहीही असो, मागं ‘राव’ लागला की सामान्यरूप एकच: ‘रावां-’. सोपान असो, विष्णू असो की राजा, प्रत्यय बिनधास्त लावावा. शिवाय नाव दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी येतं, तोवर पहिल्या ओळीनं कान टवकारलेले असतात. बायका थांबतात, गालातल्या गालात हसतात आणि मग नाव येतं. त्या ठिकाणी ‘प्रेशर कुकररावांचं नाव घेते’ म्हणून पाहा. चौकट पक्की, वृत्त जवळपास तेच, आदरही तोच. हळदीकुंकवाचं ताट सांडेल.

दुसरी युक्ती सरकारी आहे. पंचनाम्याची भाषा बघा: ‘सदर ठिकाणी वीट ही वस्तू आढळून आली. वीट या वस्तूवर तांबडे डाग दिसले.’ यात विटेला विभक्ती लावायची वेळच येत नाही. प्रत्यय सगळे ‘वस्तू’वर, लिंगही वस्तूचंच. वीट काढून पापड, कीर्तन, सासुरवाडी काहीही घाला, वाक्य मोडत नाही. ‘पंचांसमक्ष पाहता सासुरवाडी ही वस्तू ओलसर व सुस्थितीत आढळून आली.’ खेळातला सांगणारा असा तलाठी-छाप, कशाचंही नवल न वाटणारा असेल तर रकाने भरायचे कष्टही वाचतात आणि विनोदाला लागणारा मख्ख चेहराही फुकटात मिळतो.

इंदापुरात भलतं काय?

व्याकरण जमलं, आता यादीत शब्द कोणते घालायचे? इथं जागा कळायला लागते. एका गावात भलता असलेला शब्द दुसऱ्या गावात रोजचा असतो.

उसाच्या शेजारी काय असलं तर हसू येईल? ‘रॉकेट’ असं पुण्यात बसून चटकन सुचेल. पण इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावातला यंत्रांचा कारखाना इस्रोच्या अग्निबाणांसाठी घन इंधनाच्या मोटारींची पोलादी कवचं बनवतो. तिथल्या माणसाला उसाच्या ट्रॉलीमागून रॉकेटचा तुकडा गेला तर ट्रॅफिक जॅम आठवेल, विनोद नाही. उसात बिबट्या? तोही आता पेपरात नेहमीचा.

भिगवण-कुंभारगावकडं हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. त्यांचं दुसरं नाव अग्निपंख. गुडघाभर पाण्यात विस्तवाचे पंख उभे! अन्नंभट्टाला ही योग्यता कशी वाटली असती कोण जाणे, पण इथल्या नावाड्याचं पोट त्यांच्यावर चालतं.

आणि उजनी स्वतः. भीमेवरच्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साधारण ६३ टीएमसी तळाचं, म्हणजे ‘मृत’ साठा, हिशेबात धरत नाहीत. टक्केवारी वरच्या चोपन्नावर काढतात. त्यामुळं तळाचं पाणी वापरायला लागलं की धरण शून्याच्या खाली जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीत उणे ५० टक्क्यांहूनही कमी पाणी होतं. बाहेरच्या माणसाला हे वाक्य यंत्रानं केलेल्या विनोदासारखं वाटेल. इंदापूरचा शेतकरी ते वाचून डोळे मिटतो. ‘हिचहायकर्स’च्या खेळात ‘चहा नसणे’ ही एक वस्तू म्हणून खेळाडूच्या सामानात दिसते आणि जगभर लोक त्यावर हसतात. इथं नसलेलं पाणी दर उन्हाळ्यात टक्क्यांत मोजलं जातं.

तेव्हा यादी करण्याआधी गावात फिरावं. तिथल्या कानाला जो शब्द खरोखर परका वाटेल तोच घ्यावा, आणि तोही ओळखीच्या घरगुती वस्तूंतला. ‘क्वासार’पेक्षा ‘पाटा-वरवंटा’ जास्त हसवतो, कारण त्याचं वजन हाताला माहीत असतं.

चिठ्ठ्यांचा डबा

यंत्र चिठ्ठी काढतं म्हणजे काय करतं? त्याच्याजवळ डबा नसतो, गणित असतं. एक सोपी रीत अशी: कोणतीही संख्या घ्या, तिला ५ नं गुणा, ३ मिळवा आणि १६ नं भागून बाकी तेवढी ठेवा. ७ पासून सुरुवात केली तर ३८, त्याला १६ नं भागून बाकी ६. पुढं ६ वरून १, मग ८, ११, १०, ५… ओळीत काही क्रम दिसत नाही. प्रत्यक्षात सोळा पावलांनी आकडा परत ७ वर येतो आणि तीच माळ पुन्हा सुरू होते. खऱ्या खेळांतली गणितं याहून फार लांब माळेची असतात, पण जात हीच. पहिली संख्या घड्याळावरून उचलली की दर खेळी निराळी.

पण खरी यदृच्छा माणसाला खरी वाटत नाही. दहा शब्दांतून दर वेळी मोकळेपणानं एक काढला तर तोच शब्द लागोपाठ दोनदा यायची शक्यता दहात एक. दोनदा पाटा-वरवंटा आला की खेळणारा म्हणतो, ‘बिघडलंय.’ ग्रॅहम नेल्सन यांचं ‘इन्फॉर्म’ हे खेळ लिहायचं साधन १९९३ मध्ये आलं. त्याच्या २००६ च्या सातव्या अवतारात लेखकाला निवडीच्या निरनिराळ्या तऱ्हा मिळतात. एक निव्वळ यदृच्छेची. दुसरी लागोपाठ तोच शब्द न देणारी. तिसरी, पत्ते पिसून एकेक टाकावा तशी सगळे शब्द संपेपर्यंत पुनरावृत्ती न करणारी. आणि चौथी ‘चिकट’: एकदा जो शब्द निघाला तो त्या खेळीपुरता कायम.

कोणती वापरायची हे वाक्यावर ठरतं. येता-जाता मारलेल्या शेऱ्यांना पिसलेले पत्ते बरे. तेही जपून, दर वाक्यात भलता शब्द आला तर ऐकणारा भलत्याचीच वाट बघू लागतो आणि मग साधं पाणी आलं तरच दचकतो. पण जिथं वस्तू हातात येते तिथं चिकट निवडच हवी. त्याचं कारण नावेत बसल्यावर कळेल.

पाट्याचं वजन

समजा, खेळ उजनीच्या फुगवट्यावर घडतो. उन्हाळा आहे. पाणी ओसरलंय आणि जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, जे धरणाच्या पाण्यात गेलं, ते शिखरापासून पायऱ्यांपर्यंत उघडं पडलंय. पाणी फार खाली गेलं की ते खरोखर दिसतं. लोक नावेनं बघायला जातात. तुम्ही नावेत बसता. नावाडी पिशवीत हात घालतो, आणि यंत्राची चिठ्ठी निघते: पाटा-वरवंटा.

विनोद इथं संपला तर तो फटाका. वाजला, विझला. चांगला खेळ इथून सुरू होतो. पाटा दगडाचा आहे, तेव्हा नाव चार बोटं खाली गेली पाहिजे. ‘पाटा घ्या’ म्हटलं तर दोन्ही हात अडकले पाहिजेत आणि मग दोर सोडता येऊ नये. ‘पाण्यात टाका’ म्हटलं तर नावाड्यानं विचारलं पाहिजे, ‘घरी चटणी कशावर वाटायची?’ एकदा आत घेतलेल्या भलत्या शब्दाला जगाचे सगळे नियम लागू करायचे. कागदाच्या खेळात वाचून झालं की चिठ्ठी फेकून देतात. इथं ती जपायची.

तुम्ही पाटा देवळापर्यंत नेता आणि पायरीवर ठेवता. तलाठी-छाप आवाजात यंत्र नोंद करतं: ‘पाटा-वरवंटा ही वस्तू पायरीवर ठेवण्यात आली.’ मग पाऊस येतो. भीमेला पूर येतो, पाणी पायऱ्या गिळतं, शिखर गिळतं, टक्केवारी शून्याच्या वर येते. खेळात वर्ष सरतं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तुम्ही परत याल, तेव्हा पायरीवर तो पाटा गाळानं माखून बसलेला असेल. या वेळी तुम्ही हसणार नाही. वरवंटा कुठं गेला, ते शोधायला लागाल.